एकाच ताग्यातलं

रफू दिसलं की ते फसलं, एवढं एकच वाक्य मावशीने तिला पंधराव्या वर्षी शिकवलं होतं. मावशीही रफूवालीच; बोलायची कमी, बोटांवर फुटपट्टी मारायची जास्त. तिचा दुसरा नियम असा: भोक ज्या कपड्याचं, दोरा त्याच कपड्याचा. आतल्या मुडपीतून उपस, शिवणीतून उपस, पण दुसऱ्या कपड्याला हात लावायचा नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता तिशी उलटून गेली होती आणि सगळी गल्ली तिला रफूवाली म्हणूनच ओळखत होती. खिडकीशी टेबल, टेबलावर स्टँडला लावलेलं भिंग, सुयांचा डबा. नवरा घर सोडून गेल्याला नऊ आठवडे झाले होते. भांडून गेला असता तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. त्याने सकाळी दाढी केली, बॅग भरली आणि पुलापलीकडे खोली घेतल्याचं सांगितलं, जणू भाजी संपल्याचं सांगावं तसं.

त्यांची आठ वर्षांची ठकी तेव्हापासून बूट घालून झोपत होती. बाबा न्यायला आले तर उशीर नको म्हणून.

आणि रफूवालीचे हात गेले होते. दुखत नव्हते, सुजले नव्हते, पण सुई टोचली की धाग्याच्या वर नाहीतर खाली. बोटभर जागेत चाळीस धागे बसवणारी बाई, आणि तिला साधी वीण धरता येईना. गिऱ्हाइकांचे कपडे खुर्चीवर साठत गेले. शेजारीण म्हणाली, "कामात मन घाल." मन म्हणजे काय आमटीतलं मीठ आहे, चिमूटभर घालायला? पण शेजारणीचं खोटं नव्हतं. या एका कामात ती स्वतःला सापडायची, आणि तेच गेल्यावर ती नुसती कुणाची तरी सोडलेली बायको उरली होती.

मग त्याचा फोन आला. "माझा करडा कोट राहिलाय. शनिवारी नेतो."

कोट दारामागे होता. खिशापाशी कसरीने खाल्लेलं भोक होतं, वाटाण्याएवढं. हे भोक बुजवून कोट त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याला कळूही द्यायचं नाही, असं तिच्या मनाने घेतलं. पण अकरा वर्षांच्या रफूत कोटाची मुडप केव्हाच उपसून संपली होती. आत दोरा उरलाच नव्हता.

ठकीचा फ्रॉक मात्र त्याच कापडाचा होता. कोट बेतला तेव्हा उरलेल्या तुकड्याचा तिनेच शिवलेला. तीच करडी वीण, तीच बारीक निळी रेघ. एकाच ताग्यातलं कापड म्हणजे कपडा एकच, असा हिशेब तिने केला. तिने फ्रॉकच्या मुडपीतून सात धागे उपसले.

आणि हात परत आले. सुई जायला हवी तिथेच जात होती. एक धागा वर, एक खाली, ताण्यातून बाणा, आणि खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर गेलं तरी तिला कळलं नाही. नऊ आठवड्यांत ती पहिल्यांदा आनंदात होती. तिला त्याची थोडी लाजही वाटली.

शनिवारी नवऱ्याने कोट अंगात घातला आणि तो निघेना. डोकं थोडं कलतं करून "चहा आहे?" म्हणाला. रविवारीही आला. कोट खुंटीवर लावताना रफूवालीला कोपरावर दुसरं भोक दिसलं. काल ते नव्हतं, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. तिने फ्रॉकचे बारा धागे उपसले. सोमवारी तो बॅग घेऊन परत आला.

त्याच आठवड्यात ठकीच्या हनुवटीवरचा व्रण नाहीसा झाला, झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाचा, दोन टाक्यांचा. पोरांची कातडी भरून येते, असं आईने स्वतःला समजावलं. मग ठकीचे बूट चालताना निसटायला लागले. मग सकाळी तिच्या उशीवर खळगा दिसेना. कोटाला भोकं पडतच होती, आणि आई ती बुजवतच होती. ओठ घट्ट मिटून, बाहेरच्या खोलीतलं नवऱ्याचं गुणगुणणं ऐकत.

शुक्रवारी ती ठकीला आणायला शाळेत गेली. फाटकाशी वर्गाच्या बाई उभ्या होत्या.

"कुणाला न्यायला आलात?" बाईंनी हसून विचारलं.

ठकी आईचं बोट धरून उभी होती.

रफूवाली तिला घेऊन घरी आली. नवऱ्याने टेबल मांडलं होतं. दोनच ताटं. तिने तिसरं घेतलं तर तो म्हणाला, "कोण येणार आहे?" अगदी साध्या आवाजात.

तिने कोट भिंगाखाली घेतला. फ्रॉकचे धागे फ्रॉकला परत द्यायचे, बस. तासभर ती खिशापाशी शोधत राहिली, मग कोपरावर, मग पाठीवर. एक टाका सापडेना. कुठे कोट आणि कुठे फ्रॉक, ते तिचं तिलाच ओळखू येईना. आयुष्यभर ज्याची शेखी मिरवली तेच अंगाशी आलं होतं.

तिने मावशीला फोन लावला.

"सापडत नाहीये गं."

"म्हणजे चांगलं केलंस."

"मावशी, माझी पोर जातेय."

"मग मिळेल तिथून उपस," मावशी म्हणाली. "पण कुणाचा दोरा कुणाचा, ते मला विचारू नकोस."

रफूवालीने कात्री घेतली आणि कोटाची छाती उसवली.

बाहेरच्या खोलीत नवरा पेपर मोठ्याने वाचत होता.

ती मूठमूठ धागे ओढत होती, फ्रॉकच्या मुडपीत भरत होती. हात जराही चुकत नव्हते.

नवऱ्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं.

ती उठली नाही. तिला माहीत होतं, आणि ती उठली नाही.

शेवटचा धागा बसला तेव्हा दार धाडकन उघडलं. "आई, भूक लागलीय." ठकीचे गाल लाल होते, बूट पायात गच्च बसले होते, हनुवटीवर दोन टाक्यांचा व्रण होता. बाहेरच्या खुर्चीत पेपर पसरलेला होता आणि कपातल्या चहाची वाफ अजून निघत होती. रफूवालीने पोरीला पोटाशी धरलं आणि ती ढसाढसा रडली. मग तिने अंडी फोडली, पाव भाजला. ठकी खाऊ लागली आणि तिचं ते खाणं बघत आईने फ्रॉकच्या मुडपीला सुटलेलं टोक दातांनी तोडलं.

ठकी घास थांबवून तिच्याकडे बघत राहिली, प्रेमाने, डोकं थोडं कलतं करून.

"आपण पहिल्यांदा भेटलो ना," ती म्हणाली, "तेव्हाही तू असाच दोरा तोडला होतास. तो हिरवा स्वेटर होता तुझ्या अंगात."

आणि तिने आणखी एक पाव मागितला.