बंद वॉर्डातला अंदाज

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडली आहे, आणि ताई उगाच घाबरणाऱ्यातली नाही.

वेळ भर दुपारची. ताई एका हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळते. त्या दिवशी तिचे वडील, म्हणजे माझे मामा, तिथेच वरच्या मजल्यावर दाखल होते. दुसऱ्या दिवशी हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं.

पेशंटची यादी उघडायला फार वेळ लागतो, अशी नर्सेसची ओरड होती. म्हणून ताईने ती यादी शोधून आणणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, तपासायला घेतली.

आता एवढं समजून घ्या. डेटाबेस नोंदी शोधण्याआधी अंदाज बांधतो, की किती सापडतील. त्यावरून शोधायचा मार्ग ठरवतो. त्यासाठी सगळं मोजत बसत नाही. अधूनमधून थोड्या नोंदी चाळून आकडे काढून ठेवतो आणि तेच वापरतो.

तळमजल्यावरचा शेवटचा वॉर्ड कधीचाच बंद पडला होता. आत एक पेशंट नाही. तरी डेटाबेस तिथे तीस जण धरून बसला होता!

"आकडे शिळे झालेत," असं म्हणून ताईने ते ताजे करायला लावले.

अंदाज आला... एक.

"रिकाम्या वॉर्डात हा एक कोण गं?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं.

"कुणी नाही रे. तो शून्य धरतच नाही. कमीत कमी एक धरतो."

"म्हणजे भूत धरूनच चालतो की!"

दोघंही हसले. खात्री करावी म्हणून ताईने आकडे पुन्हा ताजे केले.

अंदाज आला... दोन.

ताईचं हसू मावळलं. एक हा नियम होता. दोन म्हणजे डेटाबेसला काहीतरी दिसलं होतं.

तिने प्रत्यक्ष नोंदी मोजल्या. शून्य.

पुन्हा अंदाज बघितला. दोनच.

का कोण जाणे, तिला एकदम वडिलांची काळजी वाटली. ती तशीच उठली.

जिना त्या बंद वॉर्डाच्या दारावरूनच जातो. दाराला कुलूप होतं.

आतून आवाज आला...

खाटेची चाकं. कुरकुरत, हळूहळू दाराकडे येणारी.

दाराशी येऊन थांबली.

ताई जिना कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक. मामा खाटेवर बसले होते. पिशवी भरलेली, पायात चपला.

"बाबा, कुठे निघालात?"

"अगं, खालच्या वॉर्डात हलवतायत ना मला. एक गृहस्थ येऊन गेले आत्ता, पेशंटच. बिचारे बरेच दिवस एकटेच आहेत तिथे. म्हणाले, तुमची खाट दाराजवळ आणून ठेवतो."

ताईने आधी त्यांच्या पायातल्या चपला काढून घेतल्या.

डॉक्टर चिडले, मामा रागावले, पण तिने कुणाचंही ऐकलं नाही. संध्याकाळच्या आत त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन तिथे झालं. मामा आज ठणठणीत आहेत.

फक्त कधीतरी जेवता जेवता मध्येच थांबतात आणि सहज विचारतात...

"माझी खाट दिली का गं कुणाला?"

"दिली, बाबा," ताई म्हणते.

खोटं बोलते. रोज कामावर गेल्यावर ती आधी त्या बंद वॉर्डाचा अंदाज बघते.

अजून दोनच आहे.