तिसऱ्या मजल्यावरचा अनुभव

आमच्या कॉलेजात रेझ्युमे कुणी लिहीत नाही. आधीच्या वर्षाकडून फाइल येते, आपण नाव बदलायचं आणि पुढच्यांना द्यायची. त्यामुळे वर्गातल्या चाळीसच्या चाळीस जणांना पोहण्याची आवड आहे. मला बादलीचीही भीती वाटते.

पण महिनाअखेरपर्यंत नोकरी लागली नाही, तर काकांच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. म्हणून ताईने फाइल ताब्यात घेतली. पोहणं गेलं. ‘अत्यंत मेहनती’ तर तिने हसत हसत काढलं.

‘आणि हे काय? अनुभव : दोन वर्षं, तिसरा मजला, जुन्या कागदपत्रांचा विभाग?’

‘माझं नाही ते. आधीच्या कुणाचं तरी राहिलंय.’

‘तुझी दोन वर्षं गादीवर गेली. तो अनुभव काकांना सांग.’

तिने ओळ काढली. छापील कागदावर ती होतीच. पुन्हा काढली, पुन्हा छापलं. आता तीन वर्षं झाली होती.

‘घ्या, बढती,’ म्हणत ताईने प्रिंटरला चापट मारली. शेवटी त्या ओळीवर व्हाइटनर फासून मी मुलाखतीला गेलो.

ऑफिस नेमकं तिसऱ्या मजल्यावर होतं. मॅडमनी कागद खिडकीकडे धरला आणि नखाने व्हाइटनर खरवडला.

‘झाकलंत कशाला? लाजण्यासारखं काय त्यात?’

‘मॅडम, मी इथे याआधी कधी...’

‘दोन नंबरचं कपाट उघडत नाहीये.’

‘खालून गुडघा लावायचा,’ मी म्हणालो.

कसं म्हणालो, ठाऊक नाही. मॅडमनी गुडघा लावला. कपाट उघडलं.

‘उद्यापासून या.’

गाद्या टळल्या. जिन्यातूनच ताईला फोन केला.

‘काय थापा मारल्यास?’

‘एकही नाही गं.’

खाली दारावरचे वॉचमनकाका माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. ‘आलात परत? बरं झालं. तुमच्या आईंनी बाकडं सोडलं नाही हो एक दिवस.’

बाकड्यावरून एक बाई उठल्या. मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

‘झालं काम?’

‘झालं.’

‘चल मग.’

त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली आणि न विचारता डावीकडे वळलो.

माझं घर उजवीकडे आहे.