शनिवारनंतरचा बाजार

जरा हळू बोला. सुनी आत चहा टाकतेय आणि तिचे कान फार तिखट आहेत. यंदा दहावीला आहे. वर्गात पहिली येते, घरकामात कुचराई नाही, उलट उत्तर नाही. लोक म्हणतात, बाई, नशीब काढलंत. मी मान हलवते.

गोष्ट एकोणनव्वदची. साक्रीच्या पलीकडे, डोंगराला लागून असलेल्या एका गावात मी अंगणवाडी चालवायचे. हे नरडाण्याला कारखान्यात होते, रविवारी सकाळच्या एसटीने यायचे. एरवी घरात मी आणि पाच वर्षांची सुनी, दोघीच. रोज दिवेलागणीला तिचा एकच प्रश्न, "आई, रविवार आला का गं?" नाही म्हटलं की गाल फुगवून उंबऱ्यावर बसायची.

पोरांना वारांची नावं काही केल्या पाठ होत नव्हती. गुरुवार तर कुणाच्याच तोंडात टिकेना, सुनीच्याही नाही. पण बाजार? कुठल्या गावचा कधी आणि शेव कुठली चांगली, हे त्या चिमुरड्यांना झोपेतून उठवून विचारा! मग मी शक्कल लढवली. सोमवार टेंब्याच्या बाजाराचा, मंगळवार खडकीच्या, असे बाजारावरून वार. "पुढे कोणता?" मी विचारायचे आणि पोरं छप्पर फाटेल असं ओरडायची. तपासणीला आलेल्या बाईंनी पाठ थोपटली. मी हवेतच होते.

एके दिवशी चार वर्षांचा झुलाल शनिवारच्या बाजारापाशी थांबलाच नाही. म्हणाला, "मंग पांढरीना बजार. मंग आइतवार."

पांढरी म्हणजे नाल्यापलीकडची जुन्या गावाची जागा. पटकीच्या साथीत ते गाव उठलं, नंतर तिथे कुणी राहिलं नाही. तिथे कसला बाजार भरतोय! मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं-तिघं तेच म्हणाली. मग सगळीच. सुनीसुद्धा.

माझा संशय थेट मदतनीस तानुबाईवर गेला. तिला माझ्या जागी आपली सून चिकटवायची होती, हे गावात कुणाला माहीत नव्हतं? पोरांना भलतंसलतं शिकवून मला तोंडघशी पाडायचा डाव, दुसरं काय. मी तिला चुलीपाशीच गाठलं.

ती खिचडी ढवळायची थांबली नाही. "मी कसाले शिकाडू, बाई? तुम्हीच शिकाडं."

"मी?"

"वारना नावे शिकाडा. बजार मोजाले नका लावू. पोरे बजार मोजाले लागनात ना... तो बी मोजामा येस." मग आवाज उतरवून म्हणाली, "मनी सासू आम्हले मोजूच नही दे."

पोरांनी मोजला म्हणून कुठे बाजार भरतो का! काय हा अडाणीपणा! पण तिचा चेहरा खोटा वाटत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्या शनिवारी भर दुपारी मी पांढरीवर जाऊन आले. पिठासारखी माती, पडक्या ओट्यांचे दगड, चार बाभळी. माणूस नाही की शेळी नाही. पण मधली जागा लख्ख झाडलेली होती. कडेने पालं ठोकल्यावर पडतात तशी खुंट्यांची भोकं होती, ताजी. आणि वारा नसताना तळलेल्या शेवेचा वास येत होता. हाही तानुबाई आणि तिच्या सुनेचाच उद्योग, असं म्हणत मी परतले. पावलं मात्र भरभर पडत होती.

रविवारी सकाळी सुनीच्या हातात लाखेच्या बांगड्या दिसल्या.

"कुणी दिल्या?"

"पांढरीच्या बाजारातल्या आहेत."

"कुणाबरोबर गेली होतीस? तानुबाईबरोबर ना? खरं सांग!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं काय करतेस, आई... तूच तर नेलंस."

मी तिला जवळ ओढलं.

"तू म्हणालीस," ती बांगड्या वाजवत म्हणाली, "पुढच्या बाजाराला तिथेच राहायचं."

बांगड्या मी दगडाने ठेचल्या. अंगणवाडीत बाजारांचं नाव काढणं बंद केलं. पण पोरांच्या डोक्यात गेलेलं पुसणार कसं? पुढच्या शनिवारी मी दाराला आतून कुलूप घातलं आणि सुनीचं मनगट पदराने माझ्या मनगटाला बांधलं. जागी राहायचं पक्कं ठरवलं होतं. डोळा कधी लागला, कळलं नाही.

उजाडलं तेव्हा गाठ तशीच होती. सुनी शेजारी शांत झोपली होती. मला रडूच फुटलं. हात जोडत उठले, तर माझे पाय घोट्यापर्यंत पांढऱ्या मातीने भरलेले... सुनीचे मात्र स्वच्छ.

मी तिला हलवून उठवलं. "वार म्हण बघू."

तिने म्हटले. एका दमात, गुरुवारसकट.

"आणि पांढरीचा?"

"असा वार नसतो, आई."

हे आले तेव्हा ती धावत गेली नाही. दारात नीट उभी राहिली. यांना वाटलं, पोरगी शहाणी झाली.

सोमवारी सुनी अंगणवाडीत पहिल्या रांगेत, मांडी घालून बसली होती. झुलालने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याजवळ येऊन पदर ओढला.

"बाई, तुम्ही सुनीले तठेच काब्र सोडी उनात? ती रडी ऱ्हायंती..."

तिथेच सोडून आले? मी? सुनीला? चुलीपाशी तानुबाईने पदर तोंडाला लावला.

पांढरीवर मी किती फेऱ्या मारल्या, काय सांगू तुम्हाला! हाका मारून मारून घसा बसला. खुंट्यांची भोकंसुद्धा बुजली होती. शेवटी यांनी आम्हाला इकडे अमळनेरला आणलं. इथेही दोन घरं बदलली.

आज शनिवार. म्हणूनच तुम्हाला बसवून घेतलंय. दिवेलागण झाली की दारावर अगदी खाली, लहान हाताची थाप पडते. "आई, रविवार आला का गं?" आवाज अजून पाच वर्षांचाच आहे. मी कडीला हात घालते, दर वेळी घालते. तेवढ्यात आतून सुनी येते, माझा हात कडीवरून हळूच काढते आणि दाराशी वाकून मायेने सांगते,

"नाही गं, अजून शनिवारच आहे."