शेवटच्या पोरीमागचा टेंपो

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी टेंपोतल्या क्रेटमध्ये तीन पिल्लं सापडली. त्यातलं एक मेलेलं होतं.

सापडली ती संयोगिताला. ती टेंपोत चढली होती पट्टी घ्यायला, कारण तिच्याबरोबर धावणाऱ्या अपूर्वाच्या टाचेचं सालटं निघालं होतं. औषधाच्या पेटीत आधी हाताला लागली बाळाची दुधाची बाटली. तीस किलोमीटर धावणाऱ्या पोरांच्या टेंपोत ही कशाला? तेवढ्यात ताडपत्रीखाली काहीतरी चिरकलं.

दिवाळीच्या सुट्टीतली ही दौड ‘रानसोबती मंडळा’ची. रहिमतपूरहून कोरेगाव आणि परत. चाळीस मुलांनी आपापले पुरस्कर्ते मिळवले होते. मूल जेवढं अंतर कापेल, त्या हिशेबाने पुरस्कर्ता मंडळाला देणगी देणार. त्यातून जखमी रानजनावरांवर उपचार होणार आणि शाळांमध्ये निसर्गाचे वर्ग सुरू होणार. यादीत पहिली शाळा संयोगिताची होती. त्यासाठी तेरा वर्षांची ही पोरगी महिनाभर रोज पहाटे उसाच्या बांधावरून पळत होती.

तिने शिवतेजला बोलावलं. शिवतेज तिच्या चुलत्यांचा, मानसिंगआप्पांचा मुलगा, तिच्याहून एका वर्षाने धाकटा. त्याने आधी क्रेट ओळखला. त्यांच्याच टोमॅटोचा होता.

“आपल्या वरच्या रानातली हायत ही,” तो म्हणाला. “काल सकाळी तोडकऱ्यांना घावली. मंडळाचं सर म्हणालं, फॉरेस्टवाल्यांकडं देतो. म्हणून आप्पानी दिली.”

वाईहून आलेली अपूर्वा लंगडत आली आणि वाकून बघू लागली. मुठीएवढी पिल्लं, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे. बिबट्याची आहेत का, असं तिने विचारलं. संयोगिताने मान हलवली. ही वाघाटी. रानातली सगळ्यांत लहान मांजर. उसातच विते, आणि दर तोडणीला कुणीतरी तिची पिल्लं बिबट्याची समजून बोंब मारतं.

पुढचंही संयोगिताला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच रानात अशीच पिल्लं निघाली, तेव्हा वनरक्षकांनी ती संध्याकाळी जिथल्या तिथे ठेवली होती आणि सगळ्यांना घरी पाठवलं होतं. आई आली, एकेक तोंडात धरून घेऊन गेली. पण ती दोन-तीन रात्रीच शोधते. मग जागा सोडते. यातली एक रात्र वाया गेली होती.

मागे मोटारसायकल थांबली. मंडळाचे प्रमुख सुमंत सर उतरले. ते रागावले नाहीत. त्यांनी मेलेलं पिल्लू शेपटीला धरून उचललं, काट्यांच्या कुंपणापलीकडे भिरकावलं आणि हात पुसले.

“सर, वाघाटी हाय ती,” संयोगिता म्हणाली.

“आज दुपारी दोन वाजता, समारोपात, ती बिबट्याची आहेत. देणगी देणारे पाहुणे मांजर बघायला येत नाहीत.”

“एक मेलं, सर.”

“दोन पुरतात.”

मग त्यांनी थंडपणे समजावून सांगितलं. कुणी तोंड उघडलं, तर संयोगिताच्या शाळेचं नाव यादीतून जाईल. चाळीस पोरांची दौड फुकट जाईल, आणि ती कुणामुळे गेली हे ते स्वतः व्यासपीठावरून सांगतील. जाता जाता त्यांचं लक्ष अपूर्वाच्या पायाकडे गेलं. मोजा रक्ताने भिजला होता.

“अजून नऊ किलोमीटर आहेत. पळ.”

मोटारसायकल निघून गेली.

क्रेट उचलून पळ काढू, असं शिवतेजचं म्हणणं होतं. पण टेंपोचा ड्रायव्हर आकाराम पुढे बसलेला, आणि रान सहा किलोमीटर लांब. संयोगिताने ताडपत्री परत क्रेटवर ओढली. मग तिने विचारलं, हा टेंपो कुणाच्या मागून चालतो?

शेवटच्या पोराच्या मागून. गेल्या वर्षी एक मुलगा चक्कर येऊन पडला होता आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मंडळाचा नियमच होता: शेवटचं पोर टेंपोच्या नजरेआड होता कामा नये.

“मग शेवटची मी,” संयोगिता म्हणाली.

अपूर्वाने पट्टी आवळली. पुढच्या पाण्याच्या टेबलावर जाऊन वनखात्याला फोन करायला लावते, म्हणाली. “वाघाटी म्हटलं तर कोण उठणार? मी सरांचंच खोटं सांगते.” आणि ती त्या टाचेवर खरोखर पळत सुटली. शिवतेज तिच्याबरोबर गेला.

संयोगिता रेंगाळली. पुढची मुलं दिसेनाशी होईपर्यंत चालत राहिली. तीन किलोमीटर गेल्यावर पाटाजवळ वरच्या रानाकडे कच्ची वाट फुटते. तिथे ती डांबरी सोडून वळली.

मागून हॉर्न वाजला. “ए पोरी, रस्ता चुकलीस का गं?”

तिने वळून पाहिलं नाही. आकारामने सरांना फोन लावला. पुढे आप्पांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, सर एवढंच बोलले: तिच्या मागेच राहा, पोरगी हरवली तर पेपरात येईल. त्यामुळे ती पळेल तसा टेंपो तिच्यामागून खड्ड्यांत आपटत आला. प्रत्येक आपट्याला तिला क्रेटचा आवाज ऐकू येत होता. तरी तीच वेग वाढवत होती.

वरच्या रानात पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. ऊस गेला होता. कडेच्या सहा सऱ्या तेवढ्या उभ्या होत्या. आप्पा बांधावर बसून भाकरी खात होते.

“आवं आप्पा, तुमी दिलीसा ती पिल्लं फॉरेस्टात गेलीच न्हाईत. एक मेलं.”

आप्पांनी भाकरी खाली ठेवली. ते टेंपोपाशी गेले, किल्ली काढून खिशात टाकली आणि क्रेट स्वतः उतरवला. आकाराम काहीबाही पुटपुटला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

दीड वाजता वनरक्षक रेश्मा जाधव शिवतेज आणि अपूर्वाला गाडीत घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग साठ मोटारसायकली आल्या. अपूर्वाचं खोटं चोख पोचलं होतं: रहिमतपूरच्या रानात बिबट्या.

माणसं उभ्या सऱ्यांत घुसली. बिबट्या बाहेर निघावा म्हणून पोरं ढेकळं मारू लागली. वाघाटी हाय, वाघाटी हाय, असं ओरडून शिवतेजचा घसा बसला. कुणी ऐकलं नाही. एकाने पिल्लू उचलून लेकराच्या मांडीवर ठेवलं आणि फोटो काढला. अपूर्वा बांधावर बसून हे बघत होती. बूट काढायला तिला दोघांचा आधार लागला होता.

अडीचला सुमंत सर पाहुण्यांना घेऊन रानातच आले. आपल्या मंडळाच्या जागरूक मुलांनी वन्यजीव वाचवले, असं भाषण त्यांनी बांधावर उभं राहून केलं. टाळ्या पडल्या. एका पाहुण्यांनी संयोगिताच्या पाठीवर थाप मारली, शाबास म्हणाले. मग रेश्मा मॅडमनी सरांना बाजूला घेतलं आणि त्यांचा जबाब लिहून घेतला. तो पुरा होईपर्यंत पाहुणे निघून गेले होते.

गर्दी हटायला साडेपाच झाले. गर्दीतल्या कुणीतरी पिल्लांना गाईचं दूध पाजलं होतं, त्यांची पोटं टम्म फुगली होती. मॅडमनी पिल्लं साफ केली, उबेला उसाचं पाचट घातलं आणि क्रेट जिथल्या तिथे ठेवला.

“टेंपो इथं आणलास ते डोक्याचं काम केलंस,” त्या संयोगिताला म्हणाल्या. “फौजदार व्हशील.” मग अपूर्वाकडे वळल्या. “तू बोलावलंस म्हणून मी आले. आणि तू बिबट्या म्हणालीस म्हणून ही जत्रा आली. एवढी माणसं फिरल्यावर आई येईल का, ते मी सांगू शकत नाही.”

अपूर्वाने मान खाली घातली. संयोगिताने तिचा हात धरला.

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी क्रेटमध्ये एकच पिल्लू होतं. भोवतीच्या ओल्या मातीत मांजराची पावलं होती. कुत्र्याचीही होती. मॅडमनी दोन्ही मोजली, वहीत लिहिली आणि यावरून काही ठरवता येत नाही, असं सांगितलं. आईनंच नेलं, दुसऱ्यालाबी नेईल, असं शिवतेज म्हणाला. कुत्र्याबद्दल कुणी बोललं नाही.

त्याच दिवशी मंडळाने शाळेला कळवलं की संयोगिताने मार्ग सोडल्यामुळे तिचं अंतर धरता येणार नाही. शाळेतल्या निसर्गाच्या वर्गाबद्दल पत्रात काहीच नव्हतं.

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पिल्लू क्रेटमध्येच होतं. जिवंत होतं. अजून एक संध्याकाळ ते तिथे ठेवायचं ठरलं आहे.