लखलखीत झाकण

"सात अंश!" पेटी ओरडली. "मला भूक लागली आहे. उजेड पुरत नाही."

अंगणात ऊन रणरणत होतं, आणि ही म्हणे उजेड पुरत नाही! कुमुदआत्याचा पारा पेटीच्या आधी चढला. आत्या परिचारिका होती. उन्हावर चालणाऱ्या त्या गार पेटीत अठरा बाळांच्या लशी होत्या, धरणापलीकडच्या वाडीला न्यायच्या. नावेने दीड तास. पेटी आठ अंशांच्या वर गेली की लशी वाया, आणि पुढची खेप थेट महिन्याने.

"झाकणाला हात कुणी लावला?"

"मी!" दहा वर्षांची शाल्मली ताठ मानेने म्हणाली. "आज खंडेनवमी ना? सगळी यंत्रं घासून पूजेला मांडली. तुझी पेटी तेवढी काळीकुट्ट! पराती झाल्यावर तिलाही चिंच नि राखेने तासभर घासलं. बघ कशी लखलखतेय!"

"अगं, वाट लावलीस तिची!"

शाल्मलीच्या अंगाची लाही लाही झाली. बोटं सोलवटेपर्यंत घासायचं आणि वर बोलणी खायची! तिने हातातली परात अंगणात आदळली.

आजोबा बाहेर आले. सौरघट (उन्हापासून वीज करणारे पातळ पत्रे) बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि हे झाकणही त्यांनीच केलेलं. चिडले तेही होते, पण त्यांचा राग प्रश्नांतून बाहेर पडे.

"चेंडू फरशीवर आपटला तर?"

"उसळून परत येतो," ती फणकारली.

"आणि उभ्या ज्वारीत फेकला तर?"

"धाटांवर आपटत आत जातो. सापडत नाही."

"झाकणावर तशीच ज्वारी होती. अब्जांश काटे (मीटरच्या अब्जाव्या भागांत मोजावेत इतके बारीक). तुझ्या एका केसाच्या जाडीत दोनशे मावतील. त्यांत शिरलेला किरण सहसा बाहेर पडत नाही, त्याची वीज होते. उजेड परत येत नाही, म्हणून झाकण काळं दिसायचं. ती ज्वारी तू भुईसपाट केलीस. आता शंभरातले तीसेक भाग उजेड परत जातोय."

"म्हणजे ही चमक..."

"पळालेलं ऊन!"

शाल्मलीचा राग आत्यावरून उठला आणि तिच्या स्वतःवरच येऊन बसला. तो जास्त झोंबला.

"साडेसात," पेटी म्हणाली.

तेवढ्यात शाल्मलीला भिंतीवर उन्हाचा गोल तुकडा दिसला. आदळलेल्या परातीतून उसळून तो तिथे पडला होता. तिने परात उचलून हलवली, तसा तो सरकला. तिने तो सरळ पेटीच्या झाकणावर आणला.

"परत जाणारं ऊन हवं तिथे पाठवता येतं! आत्या, दुसरी परात घे आणि चल!"

आत्याने एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात परात घेतली.

दीड तास दोघी नावेत पराती धरून बसल्या. नाव डुलली की ऊन झाकणावरून घसरे आणि आत्या खेकसे, "डावीकडे! लक्ष कुठंय तुझं?" शाल्मलीचे दंड भरून आले. रडू आलं, तेही रागाचंच.

"सात," पेटी म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "सहा."

काठावर आया बाळांना घेऊन उभ्या होत्या. शाल्मलीने मोजली. अठराच्या अठरा.

"नवं झाकण होईपर्यंत दर महिन्याला यायचंस," आत्या अजून गुरगुरत होती.

"येईन. आणि ते काटे आजोबांकडून शिकून मीच पिकवणार. पण पुढच्या खंडेनवमीला पेटीला नुसतं झेंडूचं फूल वाहायचं. राख घेऊन कुणी फिरकलं, तर मी त्याची गय करणार नाही!"