तिसरी प्रत

"अंगाईची फाइल तुमचीच ना?"

मी दचकले. माझा एक डोळा फोनवर होता – माझ्या चिमणीचा ताप उतरल्याचा निरोप पाळणाघरातून अजून यायचा होता. दारात तळघरातला तो उभा होता... भर उन्हाळ्यात स्वेटर घालणारा. सगळे त्याला 'ठसेवाले' म्हणायचे.

"माझीच. का हो?"

"ठसा जुळत नाहीये."

आमच्या संग्रहालयात जुन्या टेपा संगणकावर उतरवायचं काम माझं. फाइल तयार झाली की यंत्र तिचा एक लांबलचक आकडा काढतं, बोटाच्या ठशासारखा. फाइलीत केसभर बदल झाला तरी आकडा बदलतो. रोज ते ठसे ताडून बघायचं काम त्याचं.

"काही केलंत का तिला?"

"थोडी... साफ केली. मध्येच एक बाळ खोकत होतं. ऐकवेना मला. पुसलं."

"मूळ फाइलीवरच?"

मी मान हलवली. टेप तर उतरवतानाच तुटली होती. आणि ती अंगाई म्हणणाऱ्या आजी चार वाजता ऐकायला यायच्या होत्या.

"तळघरातली प्रतही बदललीय," तो म्हणाला. "तिसरी समोरच्या इमारतीत आहे. ती तीनला मूळ फाइलीवरून आपोआप बदलेल."

पावणेतीन वाजले होते.

"पळता येतं तुम्हाला?"

"तीन वर्षांच्या पोरीची आई आहे मी. दिवसभर दुसरं काय करते?"

तो हसला. हा माणूस हसतो, हे मला रस्ता ओलांडताना कळलं!

समोरच्या इमारतीतलं ते जाड दार उघडलं आणि मी बोलायचीच थांबले. गार हवा. मान वर करून बघावी लागतील अशी काळी कपाटं, त्यांत हजारो हिरवे ठिपके, आणि सगळ्यांचा मिळून एकच संथ श्वास...

"किती आवाज आहेत इथं?"

"नऊ लाखांच्या वर. निम्मी माणसं आता नाहीत." तो कुजबुजत होता. "मी हळूच बोलतो इथं. उगीच... झोपमोड नको."

झोपलेल्या चिमणीजवळ मी अगदी असंच बोलते.

त्यानं बदल थांबवला, ठसा काढला. पडद्यावर पहिल्या दिवशीचा आणि आताचा असे दोन आकडे एकाखाली एक उमटले. आम्ही दोघं वाकून एकेक अंक जुळवत गेलो. शेवटपर्यंत – सारखे!

मी मान वर केली. "चिमणीचे बाबा गेले, तेव्हा त्यांचा फोन बंद पडला तो पडलाच. साधं 'हॅलो'सुद्धा उरलं नाही. आणि मीच असं करावं?"

त्यानं अंगातला स्वेटर काढून माझ्या खांद्यावर ठेवला.

चारला आजी आल्या. आपलीच अंगाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. खोकला आला तसं त्यांचं बोट वर झालं.

"हा... हा माझा राजा. त्याच महिन्यात गेला. अंगाई काय, पाठ आहे गं मला. मी ह्याच्यासाठी आले."

त्यांनी तेवढाच तुकडा पाच वेळा ऐकला. आम्ही दोघं भिंतीशी, श्वास रोखून.

आजी गेल्यावर तो म्हणाला, "चिमणीचा आवाज ठेवलाय कुठं?"

"फोनमध्ये."

"फक्त फोनमध्ये?" मी गॅस चालू ठेवून आल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "तीन प्रती हव्यात! त्यातली एक दुसऱ्या घरात. नियम आहे."

"दुसरं घर कुठून आणू?"

"माझं... चालेल?" त्याचे कान लाल झाले होते.

"आणि पुढे दोन्ही घरं एकच झाली तर?" – निसटलंच माझ्या तोंडून.

तो गंभीरपणे विचार करत राहिला. ठसा जुळवावा तसा.

"मग ती प्रत माझ्या आईच्या घरी ठेवू. ती तर कधीची वाट बघतेय."

तेवढ्यात निरोप वाजला – 'ताप उतरलाय. आईला विचारतेय.'

मी डोळे पुसले आणि फोन त्याच्या हातात दिला. तो मी कुणाच्याच हातात देत नाही.