चारशे त्र्याण्णवची गोळी

हॉबर्ट स्टॅम्परनं घडवलेली शेवटची ठासणीची रायफल त्याच्या हातून एकदाही झडली नाही. नळी तयार झाली आणि फेब्रुवारीत तो गेला. ऑक्टोबरच्या नेमबाजीत ती घेऊन आपणच उभं राहायचं, असं त्याच्या बायकोनं, डेल्फियानं ठरवलं. केंटकीतल्या त्या अरुंद खोऱ्यात तिच्या घरापलीकडे दुसरं घर नव्हतं. दिवसचे दिवस तिला बोलायला कुणी मिळत नसे.

अडत होतं ते गोळीपाशी. नळी अर्ध्या इंचाची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजली तर पाचशे. घरात गोळ्या ओतायचे साचे दोनच, चारशे नव्वद आणि चारशे पंच्याण्णव. लहान गोळी चिंधीत गुंडाळून घातली की सैल बसे. झाडल्यावर चिंधी जळून चाळण झालेली सापडे आणि पाच गोळ्या पाच दिशांना जात. मोठी हातोडीनं ठोकावी लागे, आणि तिची चिंधी फाटे.

"मधलं काहीतरी हवंय हिला," हॉबर्टचा जुना जोडीदार क्लोविस टॅकेट म्हणाला. तो रविवारी चर्चहून परतताना वाट वाकडी करून डोकावत असे. "हट्टी आहे. करणाऱ्यावर गेलीय."

"करणाऱ्याला एकेचाळीस वर्षं वळवलं मी," डेल्फिया म्हणाली. "हिची काय कथा!"

सोमवारी सकाळी तिनं सवयीनं नळीत गज सोडला. नळी रिकामी असली की गजावरची खूण बरोबर तोंडाशी येते. आज खूण दोन बोटं वर राहिली.

म्हणजे रायफल भरलेली होती.

काल संध्याकाळी तिनं स्वतः कढत पाण्यानं नळी धुतली होती. ती अंगणात गेली आणि नेम धरला. गोळी फळीच्या मधोमध लागली. गवतात पडलेली चिंधी कडेला जराशी उसवली होती, बाकी धड.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. शुक्रवारपर्यंत फळीवरची पाच भोकं मिळून एक झाली होती.

शनिवारी तिनं रायफल झाडली नाही. गजाला स्क्रू लावून आतली गोळी ओढून काढली आणि मोजली. चारशे त्र्याण्णव. या मापाचा साचा घरात नव्हता. शिसं वितळवायचं भांडं थंडगार होतं.

तिला भीती वाटली नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं सकाळी मोठ्यानं म्हटलं, "उठलास का रे?" आणि दोन कप कॉफी ओतली.

रविवारी क्लोविस ऐकून हसला, मग हसायचा थांबला. "डेल्फी, दाराला कडी लावतेस ना?"

"कुणासाठी लावू?"

तो रायफल आपल्या घरी घेऊन गेला. तीन दिवस ठेवली. तिन्ही सकाळी नळी रिकामी. बुधवारी संध्याकाळी परत आणून दिली. "अख्ख्या तालुक्यात विचारलं," तो म्हणाला, "चारशे त्र्याण्णवचा साचा कुणाकडे नाही."

गुरुवारी उजाडताच तो पुन्हा आला. डेल्फिया दारातच उभी होती. केस विंचरलेले, अंगात चांगला झगा.

"बघ तूच," ती म्हणाली.

त्यानं गज सोडला. दोन बोटं वर.

"तोच आहे रे," तिचे डोळे भरून आले. "माझी अडचण कळली त्याला."

क्लोविसनं स्क्रू लावून गोळी ओढली. तिच्यासोबत चिंधी आली, ओली.

भरण्याआधी चिंधी तोंडात ओलवायची, ही हॉबर्टची रीत. आणि त्याच्या गालात कायम तंबाखू. चाळीस वर्षांत त्याची चिंधी तपकिरी नाही असं क्लोविसनं एकदाही पाहिलं नव्हतं.

ही पांढरीशुभ्र होती.

डेल्फियानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

क्लोविसनं चिंधी तिच्या तळहातावर ठेवली.

अजून कोमट होती.